पंचावन्न परग्रहवासीयांचा हिशेब

जुना खेळ नव्या यंत्रावर आला की दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. ‘अगदी तसाच आहे!’ ही एक आणि ‘मूळची सर नाही’ ही दुसरी. एक कौतुकाची, दुसरी नापसंतीची. पण दोघींच्या हातातली फूटपट्टी एकच आहे. रिमेक मूळ खेळासारखा दिसला, वाजला, चालला की चांगला. जितका वेगळा तितका बिघडलेला. यात तिसऱ्या एका मताची भर पडते: हे सगळे आठवणींचे दुकान आहे, मोठ्या माणसांना त्यांचे बालपण पुन्हा विकण्याचा उद्योग आहे.

ही तिन्ही मते मला उथळ वाटतात, कारण मूळ खेळात नेमके काय होते हे तपासण्याची तसदी त्यांपैकी एकही घेत नाही.

माझे म्हणणे असे आहे. चांगला रिमेक हा मूळ खेळावरचे भाष्य असतो. मूळ खेळात जिवंत काय होते आणि त्या काळच्या यंत्रामुळे चिकटलेले काय होते, याचा तो निवाडा करतो आणि हा निवाडा खेळाच्या नियमांतून मांडतो. त्यामुळे तो किती ‘सारखा’ आहे हे विचारून काही हाती लागत नाही. त्याने मूळ खेळ किती खोलवर वाचला आहे, हे विचारायला हवे. टायटो या जपानी कंपनीचा १९७८ सालचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा नाणे टाकून खेळायचा आर्केड खेळ आणि त्याच्या तिशीनिमित्त फेब्रुवारी २००८ मध्ये निन्टेंडो डीएस व सोनी पीएसपी या हातात धरायच्या यंत्रांवर आलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स एक्स्ट्रीम’ ही जोडी घेऊन मी हे म्हणणे पायरी-पायरीने मांडतो.

१. मूळ खेळ साधा नव्हता

‘स्पेस इन्व्हेडर्स’चे वर्णन एका वाक्यात करता येते, म्हणून तो साधा वाटतो. वर परग्रहवासीयांच्या पाच रांगा, प्रत्येक रांगेत अकरा, एकूण पंचावन्न. खाली तुमची एक तोफ, तिच्यापुढे चार आडोसे. फौज आडवी सरकते, कडेला पोचली की एक पायरी खाली उतरते आणि उलट दिशेला वळते. ती जमिनीपर्यंत पोचली की तुमच्याकडे कितीही तोफा शिल्लक असोत, खेळ संपला.

आता जवळून पाहू. हा खेळ तोमोहिरो निशिकादो यांनी घडवला. त्याचे हार्डवेअरही त्यांनीच जुळवले. आतला मेंदू होता इंटेलचा ८०८० हा प्रोसेसर, आणि तो हळू होता. पडदा सेकंदाला सुमारे साठ वेळा ताजा होई आणि दर खेपेला एकच परग्रहवासी पुढच्या जागी सरके. पंचावन्न जिवंत असतील तर सगळी फौज एक पाऊल पुढे जायला जवळजवळ एक सेकंद लागे. वीस उरले की तेच पाऊल सेकंदाच्या तिसऱ्या भागात पडे. शेवटचा एकटा उरला की तो दर खेपेला हलणार, म्हणजे पडद्यावरून सुसाट धावत सुटणार. शत्रू कमी होतील तसा वेग वाढावा असा काही वेगळा नियम लिहिलेला नव्हता. तो यंत्राच्या मंदपणातून आपोआप निघाला. निशिकादोंनी तो दोष म्हणून दुरुस्त केला नाही, तसाच ठेवला. यंत्राचा अडसर खेळाचा प्राण होऊ शकतो हे त्यांनी ओळखले.

याच्या जोडीला आवाज. चार खालच्या स्वरांची एक माळ सतत वाजत राहते, फौज घटेल तशी तिची लय चढते. खेळाडूच्या छातीतली धडधड आणि ती माळ काही वेळाने वेगळी काढता येत नाही.

आणखी एक नियम, ज्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही: तुमची एका वेळी एकच गोळी पडद्यावर असते. ती कशाला तरी लागेपर्यंत किंवा वर निघून जाईपर्यंत दुसरी झाडता येत नाही. म्हणजे चुकलेल्या नेमाची शिक्षा कोणी गुण कापून देत नाही; ती तुम्हाला वाट पाहायला लावून मिळते. चुकलेली गोळी वर जाईपर्यंत तुम्ही निःशस्त्र उभे.

आता हिशेब. तळाच्या दोन रांगांतल्या प्रत्येकाचे दहा गुण, मधल्या दोन रांगांचे वीस, सगळ्यात वरच्या रांगेचे तीस. अख्खी फौज कापली तर ९९० गुण होतात. वरून मधूनच जाणारी गूढ तबकडी मात्र एकटी ३०० गुण देऊ शकते, फौजेच्या जवळजवळ एक तृतीयांश. ते ३०० नशिबाने मिळतात असे दिसते, पण नियम ठरलेला होता: तुमची तेविसावी गोळी, आणि त्यानंतर दर पंधरावी. खेळाडूंनी हे शोधून काढले आणि गोळ्या मोजत खेळू लागले. जपानमध्ये ‘नागोया उची’ नावाची युक्ती पसरली: फौज तोफेच्या अगदी डोक्यावर येऊ द्यायची, कारण तेवढ्या जवळून सुटलेली त्यांची गोळी तोफेला लागत नाही. मरणाच्या एक पायरी अलीकडे जागा सुरक्षित होती, आणि तिथे उभे राहायला जिगर लागे.

तेव्हा मूळ खेळात चार गोष्टी होत्या: यश मिळेल तसा वाढणारा ताण, त्या ताणाची लय, चुकण्याची वेळेत मोजलेली किंमत, आणि आधी कोणाला टिपायचे याचा सतत चाललेला विचार. बाकीचे म्हणजे चौकोनी ठिपक्यांची चित्रे आणि पडद्याचा आकार. ‘अगदी तसाच आहे’ म्हणणाऱ्यांचे समाधान बहुधा या बाकीच्यावरच होते.

२. ज्याला मूळ म्हणतो तेही आधीच्या खेळाचा रिमेक पाहूनच घडले

मूळ कृती पवित्र आणि तिचा रिमेक भ्रष्ट, ही उतरंड मान्य करण्याआधी एक इतिहास पाहावा. १९७५ साली निशिकादोंनी टायटोसाठी ‘वेस्टर्न गन’ हा दोन बंदूकधाऱ्यांच्या झुंजीचा खेळ केला. मिडवे या अमेरिकी कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि तो जसाच्या तसा न आणता ‘गन फाइट’ नावाने नव्याने बांधला. त्यासाठी मायक्रोप्रोसेसर वापरला. तो वापरणाऱ्या सुरुवातीच्या आर्केड खेळांपैकी हा एक. आपल्याच खेळाचे हे दुसऱ्याने केलेले रूप निशिकादोंनी पाहिले. खेळ म्हणून त्यांना आपलाच अधिक रंजक वाटला, पण ‘गन फाइट’मधल्या चित्रांची सफाई पाहून आपणही पुढे मायक्रोप्रोसेसरवर खेळ करायचा हे त्यांनी ठरवले. तो खेळ म्हणजे ‘स्पेस इन्व्हेडर्स’. त्याला दुसरी प्रेरणा होती अटारीच्या ‘ब्रेकआउट’ची, म्हणजे वरच्या विटांची भिंत खालून चेंडूने फोडण्याची. निशिकादोंनी विटांना पाय दिले आणि त्यांच्याकडून उलट गोळ्या सोडवल्या.

ज्याला आपण अस्सल मूळ म्हणतो, ते स्वतः एका रिमेककडे बघून आणि एका जुन्या खेळाला उलटे करून जन्माला आले आहे. ‘रिमेकमुळे मूळ बाटते’ हा विचार या वंशावळीपुढे टिकत नाही.

३. पंचावन्नाचे छत्तीस झाले, तरी कोणी ओळख विसरले नाही

१९८० साली अटारीने आपल्या घरगुती यंत्रासाठी, २६०० साठी, या खेळाची आवृत्ती काढली. त्या यंत्राला पंचावन्न परग्रहवासी झेपत नव्हते. म्हणून सहा रांगा, प्रत्येकी सहा: छत्तीस. आडोसे चाराचे तीन झाले. उलट खेळाचे एकूण ११२ प्रकार दिले. कुठे शत्रू अदृश्य, कुठे आडोसे हलणारे. चित्रांचा सारखेपणा हाच निकष धरला तर ही आवृत्ती सपशेल नापास व्हायला हवी. पण घराघरांत लोकांनी तिला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ म्हणूनच स्वीकारले आणि तिच्यासाठी यंत्र विकत घेतले. आकडे बदलले, रूप बदलले. उतरत येणारी फौज, चढत जाणारी लय आणि एका गोळीची वाट पाहणे टिकले. सामान्य खेळाडूने निष्ठेची व्याख्या समीक्षकांच्या आधीच बरोबर लावली होती.

४. नाणे गेले, गर्दी गेली. आता ताण कुठे ठेवायचा?

हातात धरायच्या यंत्राचा विचार करताना बहुतेक जण फक्त आकाराचा विचार करतात: मोठा पडदा लहान झाला, बस्स. खरा बदल दुसराच आहे. आर्केडमधला खेळ नाण्यावर चालतो. खेळाडू काही मिनिटांत हरला पाहिजे, आणि हरल्यावर पुन्हा नाणे टाकावेसे वाटले पाहिजे. शिवाय तो दुकानात, कॉफी हाउसच्या टेबलावर, लोकांच्या देखत खेळला जातो. पडद्यावर दिसणारा सर्वाधिक गुणांचा आकडा हा परक्या माणसाने ठेवलेला निरोप असतो. मूळ खेळातल्या ताणाचा बराच भाग पडद्याबाहेर होता: खिशात, आणि पाठीमागे उभ्या असलेल्या माणसात.

लोकलमध्ये उभ्याने, दोन स्टेशनांच्या मधे, हातातल्या यंत्रावर तोच खेळ जसाच्या तसा दिला तर हा भाग गळून पडतो. हरलात तर काही जात नाही. बघायला कोणी नाही. उरतो फक्त आडवा सरकणारा ठिपक्यांचा चौकोन, आणि मग खरेच वाटते की ‘त्या काळी लोकांना याचे काय एवढे अप्रूप होते?’ आपल्याकडे नव्वदच्या दशकात जत्रेत नि स्टेशनबाहेर मिळणारा ब्रिक गेम ज्यांनी हाताळला असेल, त्यांना विटांवर गोळ्या झाडण्याचा त्यातला खेळ आठवेल. नियम कळायला मिनिट लागे आणि कंटाळा यायला फार तर दहा. तंतोतंत नक्कल ही या अर्थाने मूळ खेळावर अन्याय करते. ती त्याचा सांगाडा दाखवते आणि लोकांना वाटते, खेळ एवढाच होता.

म्हणून हातातल्या रिमेकपुढचा प्रश्न असा: पडद्याबाहेरचा ताण पडद्याच्या आत कसा आणायचा?

५. ‘एक्स्ट्रीम’चे उत्तर

‘एक्स्ट्रीम’ने पहिले उत्तर रंगातून दिले आहे, आणि मला ते सगळ्यांत सुंदर वाटते. १९७८ च्या खेळाचा पडदा काळा-पांढरा होता. रंग यावा म्हणून काचेवर रंगीत सेलोफेनच्या पट्ट्या लावत. त्यामुळे रंग हा परग्रहवासीयाचा नव्हता, जागेचा होता. तोच पांढरा शत्रू तळाच्या हिरव्या पट्टीत उतरला की हिरवा दिसे. ‘एक्स्ट्रीम’ने तो रंग काचेवरून उचलला, शत्रूच्या अंगावर घातला आणि त्याचा नियम केला. एकाच रंगाचे चार शत्रू सलग टिपले तर काही काळापुरते एक खास शस्त्र मिळते: बॉम्ब, लेसर किंवा रुंद मारा. एका रंगाचे चार आणि लगेच दुसऱ्या रंगाचे चार टिपले तर चमकणारी तबकडी येते. ती पाडली की मर्यादित वेळात पार करायची एक छोटी परीक्षा, आणि ती जमली तर ‘फीव्हर’, गुणांची लयलूट.

हे प्रत्यक्ष खेळताना काय होते पाहा. तीन निळे पाडले आहेत. चौथा निळा डाव्या कोपऱ्यात आहे. तोफेच्या बरोबर वर मात्र लाल आहे आणि तोच गोळी सोडतो आहे. लाल पाडला तर जीव वाचेल, पण तीन निळ्यांची कमाई गेली. न पाडता सरकावे तर मधे दोन गोळ्या उतरत आहेत. अंगठा अर्ध्या सेकंदात निर्णय घेतो. आधी कोणाला टिपायचे, हाच मूळ खेळातला प्रश्न. तेव्हा जाणकार खेळाडू कडेचे उभे स्तंभ आधी कापत, म्हणजे फौजेला कडेपर्यंत जायला जास्त अंतर पडे आणि ती सावकाश उतरे. तो विचार काही मोजक्यांनाच ठाऊक होता. ‘एक्स्ट्रीम’ने तो दर गोळीला, प्रत्येक खेळाडूपुढे ठेवला. याला मी भाष्य म्हणतो: मूळ मजकुरात दडलेला अर्थ वर काढून दाखवणे.

दुसरे उत्तर संगीताचे. चार स्वरांच्या त्या माळेच्या जागी नृत्यसंगीताचे जोरकस ठेके आले, आणि गोळीचे, स्फोटांचे आवाज त्या ठेक्यात बसवले गेले. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना ही निव्वळ फॅशन वाटली. मला वाटते, मूळ खेळ आधीपासून तालवाद्यच होता. निशिकादोंच्या हाती चारच स्वर होते एवढेच. हेडफोन लावून खेळताना काही मिनिटांत लक्षात येते की आपण शत्रू दिसला म्हणून गोळी झाडत नाही, ठेका आला म्हणून झाडतो आहोत. आर्केडमध्ये मागे उभे राहून बघणारा माणूस खेळाडूला जसा सावध ठेवी, तसा इथे ताल ठेवतो.

तिसरे उत्तर साखळीचे: एकामागोमाग एक टिपत गेलात तर साखळी वाढते आणि गुण फुगतात, खंड पडला की ती तुटते. नाणे गमावण्याची भीती गेली, तिच्या जागी जमवलेली साखळी गमावण्याची भीती आली.

बाकी ढाली धरलेले शत्रू, आकाराने मोठे शत्रू, टप्प्याच्या शेवटी येणारे बॉस, फुटत जाणाऱ्या वाटा ही भर आहे. ती चांगली आहे, पण तीस वर्षांत शेकडो गोळीबाराच्या खेळांनी ती आधीच केली होती. डीएसवरच्या आवृत्तीला जोडता येणारी एक गोल फिरवायची चकती मात्र उल्लेख करण्याजोगी. जपानमध्ये तेव्हा ‘अर्कनॉइड डीएस’बरोबर मिळालेली ही चकती या खेळालाही चालते. ‘अर्कनॉइड’ हा ‘ब्रेकआउट’च्या कुळातला. निशिकादोंनी जिथून सुरुवात केली तिथली चकती तीस वर्षांनी त्यांच्या खेळाच्या हाती आली.

६. आक्षेप

पहिला आक्षेप: ‘एवढे बदलायचे तर नाव तरी कशाला तेच ठेवायचे? नवा खेळ म्हणा.’ हा आक्षेप मराठी वाचकाला तरी पटू नये. गीतेचे श्लोक सातशे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांवर. दृष्टान्त नवे, भाषा नवी, लय नवी. तरी तिला गीतेवरची टीका म्हणताना आपल्याला अडखळायला होत नाही, कारण बहुतेक ओव्या कुठल्या तरी श्लोकाला उत्तर देत असतात. मी इथे तुलना उंचीची करत नाही, नात्याची करतो आहे. ‘एक्स्ट्रीम’मधला प्रत्येक महत्त्वाचा नियम १९७८ च्या एखाद्या नियमाला उत्तर देतो. म्हणून ते नाव त्याचे हक्काचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: ‘खेळाचा गाभा कोणता हे ठरवणारे तुम्ही कोण? उद्या कोणीही काहीही बदलेल आणि त्याला भाष्य म्हणेल.’ धोका खरा आहे. पण एकाच ग्रंथावर अनेक भाष्ये असतात आणि ती एकमेकांशी भांडतात. म्हणून ती मनमानी ठरत नाहीत. टायटोनेच ‘एक्स्ट्रीम’च्या पाठोपाठ ‘स्पेस इन्व्हेडर्स इन्फिनिटी जीन’ हा मोबाइलवरचा खेळ आणला. तो जवळजवळ १९७८ च्याच रूपात सुरू होतो आणि खेळता खेळता उत्क्रांत होत जातो. आडवी सरकणारी तोफ पुढे पडद्यावर हवी तशी फिरू लागते. त्याच्या मते मूळ खेळाचे महत्त्व एका सबंध वंशाचा पूर्वज असण्यात आहे. ‘एक्स्ट्रीम’च्या मते ते लय आणि निवड यांत आहे. मला दुसरे वाचन अधिक खोल वाटते, कारण पहिले खेळाच्या नंतर काय झाले ते सांगते, तर दुसरे खेळाच्या आत काय होते ते. असा वाद घालता येतो, पुरावा मूळ खेळातून काढता येतो, हेच मनमानी नसल्याचे लक्षण. जो रिमेक मूळ खेळातल्या कुठल्याच नियमाकडे बोट दाखवू शकत नाही, त्याला खुशाल नाव बदलायला सांगावे.

तिसरा आक्षेप जतनाचा आहे, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. भाष्य मिळाले म्हणून मूळ ग्रंथ रद्दीत घालत नाहीत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१३ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आपल्या संग्रहात घेतला, हे योग्यच झाले. मूळ खेळ जसाच्या तसा, त्या मंद प्रोसेसरच्या अचूक वेगासह, चालता ठेवणे हे जतनाचे काम आहे आणि तिथे एक ठिपकाही बदलता कामा नये. पण जतन आणि रिमेक ही दोन वेगळी कामे आहेत. एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावल्यामुळेच आपल्याकडे दोन्ही गोष्टी अर्धवट येतात: धड अचूक नसलेल्या नकला आणि धड विचार नसलेली रूपांतरे. उलट जतनाची गरज आता ‘एक्स्ट्रीम’लाही आहे. डीएसवरच्या खेळांची इंटरनेटवरची सोय निन्टेंडोने मे २०१४ मध्ये ती सेवाच बंद केल्यावर संपली. भाष्यही हरवू शकते.

‘एक्स्ट्रीम’ निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पार्श्वभूमीला सतत चाललेली चलचित्रे काही टप्प्यांत इतकी अंगावर येतात की शत्रूची गोळी त्यांत हरवते, आणि दिसलीच नाही अशा गोळीने मरणे हे मूळ खेळाच्या स्वभावाविरुद्ध आहे. १९७८ च्या काळ्या पडद्यावर प्रत्येक मरण तुमचेच असे. भाष्यकार इथे मूळ ग्रंथापासून दूर गेला आहे, आणि ही तक्रार मी सारखेपणाच्या नावाने न करता खेळाच्या अर्थाच्या नावाने करतो आहे.

वाचकाला एक विनंती. ‘एक्स्ट्रीम’ २०१८ पासून संगणकावरही, स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात, मिळतो. तो सुरू करण्याआधी मूळ खेळ दहा मिनिटे खेळा, आवाज चालू ठेवून. गोळ्या मोजा आणि तेविसाव्या गोळीला तबकडी गाठायचा प्रयत्न करा. मग हेडफोन लावून ‘एक्स्ट्रीम’कडे वळा. तीन निळे पाडून झाल्यावर चौथ्यासाठी तुमचा अंगठा थांबतो का, तेवढे पाहा.